बापाच्या फोनवर

चैत्र उतरणीला लागला होता आणि नाहरखेडी लसणाने घाणत होती. या दिवसांत गावाला लसणाचा वास दरवर्षी असतो, पण तो कोरडा, भूक लावणारा. यंदा ऐन काढणीत पाऊस पडला. गड्ड्या आतून काळ्या पडून मऊ झाल्या, त्यांना पाणी सुटलं आणि मंडीत कोणी हात लावेना. मग लोकांनी ट्रॉल्या भरभरून तो माल शाळेच्या मागच्या भिंतीला आणून ओतला. शाळा सरकारी, म्हणजे कोणाचीच नाही, हे गावाने कधीच पाठ करून ठेवलं होतं.

अलका निरखे बसमधून उतरली की नाकाला पदर लावायची आणि दुपारी परत बसमध्ये चढेपर्यंत तो खाली घ्यायची नाही. ती शाळेची ग्रंथपाल. तिच्यामागून डब्याची पिशवी सांभाळत उतरायचा तो तिचा नवरा सुधाकर; त्याच शाळेत तो नववी-दहावीला विज्ञान शिकवायचा. उज्जैनला नानाखेड्यात घर, घरात सुधाकरची म्हातारी आई, माई, आणि रोज सकाळी उखडलेल्या रस्त्यावरून धक्के खात इथवर यायचं. सिंहस्थाला अजून अवकाश होता, पण रस्ता मात्र आत्तापासून खणून ठेवला होता. बसमध्ये दोघं नवरा-बायको असत. शाळेच्या फाटकात शिरताच तो 'सर' व्हायचा आणि ती 'मॅडम'. मुलींना याचं फार हसू यायचं.

हिवाळ्यात शाळेला स्मार्ट लायब्ररी मंजूर झाली. टॅबलेट आले, भिंतीवर काचेचा मोठा थोरला फळा आला, पंख्यांची जागा एसीने घेतली. प्रोजेक्टचं म्हणणं असं की शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून धडे बनवायचे, पुस्तकं अ‍ॅपमध्ये चढवायची, देणं-घेणं अ‍ॅपवर करायचं. म्हणणं काही वाईट नव्हतं. फक्त एवढ्या सामानाला जागा हवी, म्हणून प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तकं बाहेर काढायला लावली. कडुलिंबाच्या खिडकीजवळची कपाटं शिपायांनी ओढत ओढत मागे नेली आणि मध्यान्ह भोजनाची कोठी व मुलांचं शौचालय यांच्यामधल्या खोलीत कोंबली. एका भिंतीतून उंदीर येत, दुसऱ्या भिंतीतून ओल. स्मार्ट लायब्ररीत आता पुस्तकं सोडून सगळं होतं.

अलकाने दात-ओठ खाल्ले, पण हार मानली नाही. त्या खोलीत ती फिनेल ओतून बसायची.

तिची एक पद्धत होती. आल्या आल्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं आणि वर फक्त नंबर टाकायचा. भूगोल असो, चरित्र असो की बाईच्या शरीराची माहिती असो, सगळी पुस्तकं दिसायला सारखीच. गावात पोरीच्या हातातलं पुस्तक आजी बघते, भाऊ बघतो, दुकानावर बसलेला काका बघतो. पण कव्हर घातलेलं पुस्तक कोणी उघडत नाही. 'कोर्स की हे' म्हटलं की सुटका. आत काय आहे ते नेणारीला माहीत आणि अलकाला. असंच चालत आलं होतं, आणि यात आपण काही मोठं करतो असं अलकाला कधी वाटलं नव्हतं.

अ‍ॅपसाठी पुस्तकं थोडी थोडी घरी यायला लागली. नानाखेड्याच्या त्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग, आणि दोघं समोरासमोर. अलका पट्ट्यापट्ट्यांचे स्टिकर चिकटवायची, सुधाकर ते टॅबलेटला दाखवायचा, टॅबलेट 'टीट' म्हणायचा.

"कव्हरावर लाव ना गं, आत कशाला लावतेस?"

"कव्हर फाटतं. बदलावं लागतं."

"अलका, एक सांगू? आपण दोघं मिळून असं काही काम करू, मला वाटलं नव्हतं कधी."

"कसं वाटेल? लग्न ठरताना म्हणाला होतात, ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारी."

"मी? शक्यच नाही."

आतल्या खोलीतून माईंचा आवाज आला, "म्हणाला होतास. आणि मी पण म्हणाले होते."

तिघंही हसली. ते दिवस खरोखर चांगले गेले, हे अलकाला पुढे आठवायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा. पुस्तकांची नावं अ‍ॅपमध्ये तिने स्वतः भरली. पूर्ण नाव, लेखक, विषय, एकही जागा रिकामी सोडली नाही. नीट भरलेली माहिती पाहिली की तिला सुख वाटायचं. ग्रंथपालाचा जीव, दुसरं काय.

सुधाकरचं सुख वेगळं होतं. प्रोजेक्टचा माणूस रुचिर, भोपाळचा गुळगुळीत पोरगा, त्याच्या कानात म्हणून गेला होता, "सर, आप लोगों की जोड़ी नंबर वन है। विज़िट अच्छी हो गई तो माधव नगर पक्का समझो।" माधव नगरच्या शाळेत बदली म्हणजे नोकरी घरापासून स्कूटरवर. गेल्या महिन्यात माई न्हाणीत पडल्या होत्या, आणि ही दोघं घरी येईपर्यंत ओल्या फरशीवर तशाच पडून राहिल्या होत्या. सुधाकरने त्यांना उचललं तेव्हा त्यांचं लुगडं भिजलेलं होतं आणि पाण्याने नव्हे. त्या दिवसापासून माधव नगर हे नाव त्याच्या तोंडी देवासारखं यायचं. त्याचं हे अलकाला कळत होतं.

नवं सत्र सुरू झालं आणि एका दुपारी रामकन्या त्या ओल्या खोलीच्या दारात उभी राहिली. नुकतीच नववीत गेलेली, उंच, वाळकी पोर. वर्गात गणिताला पहिली आणि बोलायला शेवटची. घरी सडलेल्या लसणातून चांगल्या पाकळ्या निवडून निवडून तिच्या नखांत काळं शिरलं होतं, बोटांची कातडी सोलवटली होती.

"मेडम, एक किताब चइये।"

"कौन सी?"

तिने मागे वळून पाहिलं. शौचालयाच्या भिंतीशी कोणी नव्हतं.

"जिसमें ब्याव को कानून हे।"

अलकाने हातातला ब्रश खाली ठेवला. "किसका ब्याह है?"

"काका की छोरी को हे, अखातीज पे। बापू के रिया हे, लसण तो सड़ गयो, अबे दो-दो बार मांडवो कौन गाड़े। म्हारो भी उसी में निपटा देंगे।"

अक्षय्य तृतीयेच्या मांडवातलं हे 'निपटा देंगे' ती अशा सुरात म्हणाली की जणू भांडी घासून टाकायची आहेत. अलकाला तिचा हात धरावासा वाटला, पण पोरीने हात ओढणीत लपवले होते, वासामुळे.

"रामकन्या, मैं फोन कर देती हूँ। बच्चों वाला नंबर है, एक फोन में रुक जाता है।"

"नी मेडम।" ती झटकन आत आली. "पुलिस बापू के बंद कर देगी कई? पेलाँ यो बाँचनो हे। बंद नी करे तो मैं खुद बोलूँगी। आप मत करजो।"

तिचं बरोबर होतं. बापाला तुरुंग होतो का ते तिने आधी वाचावं; जिचं लग्न, तिने ठरवावं. अलकाने कपाटातून पातळ पुस्तिका काढली, 'बाल विवाह: कानून और सहायता'. तिच्यावरही वर्तमानपत्राचं कव्हर होतंच. पूर्वीची अलका असती तर तिने ती तशीच पोरीच्या दप्तरात सरकवली असती. पण पुढच्या गुरुवारी प्रोजेक्ट बघायला जिल्ह्याच्या साहेबांची विज़िट होती, प्रत्येक पुस्तक अ‍ॅपवर गेलंच पाहिजे असा प्राचार्यांचा धोशा होता, आणि हाताला सवय झाली होती. तिने कव्हर उघडलं, पट्टी टॅबलेटसमोर धरली. टीट. पोरगी पुस्तिका ओढणीखाली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी फाटकाशी भेरूलाल उभा होता. रामकन्याचा बाप. रापलेला, सरळ, सगळ्यांना हात जोडणारा माणूस. त्याने फोन दोन्ही हातांत प्रसादासारखा धरला होता.

"राम राम माटसाब। यो थारो मेसेज आयो।"

सुधाकरने फोन घेतला. अलका त्याच्या खांद्यामागे होती, तिनेही वाचलं. 'प्रिय पालक, बधाई! आपकी पुत्री रामकन्या ने आज यह पुस्तक ली है: बाल विवाह: कानून और सहायता। घर पर इस विषय पर चर्चा अवश्य करें।' शेवटी एक हसरा चेहरा आणि फूल.

अलकाच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

भेरूलालला वाचता येत नव्हतं. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने त्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, चार माणसांत. पण तो चिडलेला नव्हता, हेच भयंकर होतं. "घणी मेहरबानी माटसाब," तो म्हणाला. "घर की बात पेलाँ घर में मालूम पड़नी चइये।" मग त्याने सदऱ्याच्या आतून पुस्तिका काढली. कव्हर फाडून टाकलेलं होतं. पानं कुजक्या लसणाच्या पाण्याने चिकटली होती. अलकाकडे सरळ न बघता त्याने ती तिच्या पुढे धरली. "मेडम तो पुट्ठो चढ़ाई के दे। हम जाणाँ, कोर्स की हे।"

ती लिबलिबीत पुस्तिका अलकाने हातात घेतली. तो पुन्हा हात जोडून गेला. त्या दिवशी रामकन्या शाळेत आली नाही.

बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर ओकलं, तो वास सगळ्या बसभर फिरला, तरी अलका हलली नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिने हात साबणाने धुतले, मग परत धुतले, आणि मग विचारलं.

"बापांना मेसेज जायचं कोणी सुरू केलं?"

सुधाकर कांदा चिरत होता. "रुचिर म्हणाला, अ‍ॅपमध्ये पालक सहभाग लाल दिसतोय, तो हिरवा करायला हवा. एक बटण होतं. दाबलं."

"मला न विचारता?"

"अगं, मला काय माहीत त्यात पुस्तकाचं नाव जाईल! मला वाटलं, मुलीने पुस्तक घेतलं, एवढंच जाईल. कोणता बाप नावं विचारतो?"

"नावं मी भरली," अलका म्हणाली. "मूर्ख मी. एवढी वर्षं कव्हरं घातली आणि त्या डब्यात सगळी नावं स्वतःच्या हाताने टाकली. आणि स्कॅनही मीच केलं. कोणाला कळू देऊ नका, असं तिने सांगितलं नव्हतं मला, पण तिला गरज तरी काय होती सांगायची?" तिने फोन उचलला. "मी आत्ता लावते फोन."

सुधाकरने सुरी खाली ठेवली. "लाव. नको कोण म्हणतंय? लावलाच पाहिजे. पण अलका, गुरुवार होऊन जाऊ दे."

"गुरुवार?"

"आज केलास तर उद्या पोलीस शाळेत. चौकशी. पुस्तक कोणी दिलं, मेसेज कोणी पाठवला, नोटिस कोणाला, आपल्यालाच. विज़िट गेली. सगळं गेलं. अखातीज त्याच्याही पुढच्या आठवड्यात आहे ना? शुक्रवारी सकाळी मी स्वतः लावतो. माझ्या नावाने. प्रॉमिस." तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "पुन्हा माई पडली तर? दिवसभर तशीच पडून राहील. तू उचललं नव्हतंस तिला. मी उचललं होतं."

आत माई खोकत होत्या. अखातीज त्याच्याही पुढच्या आठवड्यात होती, आणि बालविवाह रोखायला सरकारी गाड्या त्या दिवशी गावोगाव फिरतात, हे खरं होतं. माई पडल्या होत्या हेही खरं. त्याच्या बोलण्यात खोटं असं काहीच नव्हतं, म्हणूनच ते पटलं. अलकाने फोन ओट्यावर ठेवला. त्या रात्री ती जेवली, आणि जेवण चांगलं लागलं, याचीही तिला नंतर किळस आली.

पुढचे दिवस रंगीत तालमीत गेले. सुधाकर सूक्ष्मजीवांचा धडा घेणार, अलका त्या धड्याला धरून अ‍ॅपवरची पुस्तकं दाखवणार. नेट मधेच जायचं, म्हणून चित्रफीत आधीच उतरवून ठेवली होती. कोणी कोणता प्रश्न विचारायचा, कोणी हात वर करायचा आणि त्यातला कोणी चुकीचं उत्तर द्यायचं, हेही ठरलं. "सगळी बरोबर आली तर खोटं वाटतं," रुचिर म्हणाला. लसूण निवडून आलेल्या पोरांच्या बोटांनी टॅबलेटच्या काचा चिकट व्हायच्या. रुचिर त्या स्पिरिटने पुसायचा आणि पुसता पुसता नाक मुरडायचा. एकदा त्याने मुलींना सांगितलं, "गुरुवार को हाथ धोकर आना, ठीक है? सर लोग आएँगे।" मुलींनी हात पाठीमागे घेतले. त्या रोजच धुवून यायच्या.

रामकन्या येत नव्हती. बुधवारी मधल्या सुट्टीत अलका तिच्या घरी गेली. ओसरीवर बायका लसणाचे देठ कापत बसल्या होत्या. कुजक्या पाकळ्यांच्या ढिगावर माश्यांचा नुसता थर, आणि त्याच ढिगाला टेकून एक बाळ झोपलं होतं. रामकन्याची आई उठली, डोक्यावर घुंघट ओढला.

"रामकन्या कहाँ है?"

"मामा के गई हे मेडम। अई जायगी।"

"कब?"

"अई जायगी।"

तिने पाण्याचा लोटा पुढे केला. तिच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या, तळवेही पिवळे. अलकाने ते पाहिलं. काकाच्या मुलीचं लग्न आहे, हळद-मसाले चालले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. बायका विळ्यांकडे बघत राहिल्या, एकीनेही वर पाहिलं नाही. अलका पाणी न पिता उठली. वाटेत फोन हातात होता. उद्या गुरुवारच आहे, ती मनात म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकला. आपण आपल्यालाच बनवतो आहोत हे तिला त्या वेळीही कळत होतं.

गुरुवारी शाळा ओळखू येत नव्हती. मागच्या भिंतीवर हिरवी जाळी ताणली होती आणि लसणाच्या ढिगावर फिनेलच्या बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. आता तिथून लसूण आणि फिनेल असा दोन्हींचा मिळून वास यायचा, पहिल्यापेक्षा वाईट. शौचालयाला चुना मारून कुलूप लावलं होतं, पोरांनी घाण करू नये म्हणून. पोरांना सकाळपासून पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. पुस्तकांच्या खोलीलाही कुलूप होतं.

साहेब आले. तरुण, बाहेरच्या प्रांतातले, घाईतले. एसीच्या थंडाव्यात मुलं अवघडून बसली होती. सुधाकर इस्त्रीच्या शर्टात उभा होता आणि खरंच छान दिसत होता. काचेच्या फळ्यावर कुठल्यातरी परदेशातलं सफरचंद हळूहळू कुजू लागलं. बुरशी चढली, साल सुरकुतली, आतून पाणी सुटलं. "बच्चों, यह क्या हो रहा है?" सुधाकरने विचारलं. भिंतीपलीकडे सबंध गावाचं पीक तेच करत पडलं होतं. ठरलेल्या मुलाने हात वर केला, ठरलेल्या मुलाने चुकीचं सांगितलं, साहेब खूश होऊन हसले. अलकाने ठरल्याप्रमाणे टॅबलेट फिरवून पुस्तकांची नावं दाखवली. आपले हात आपले नाहीत असं तिला वाटत होतं.

"अब पालक की बात," प्राचार्य म्हणाले.

मागच्या खुर्चीवरून भेरूलाल उठला. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर लाल साफा. त्याला कोणी बोलावलं? अलकाने सुधाकरकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

भेरूलालने माईक दोन्ही हातांत धरला. "साब, घणी मेहरबानी। पेलाँ तो छोरी कई बाँचे, कई मालूम नी पड़तो थो। अबे फोन पे आवे। म्हारे भी आयो। टेम पे आयो। अखातीज पे तो साब आप लोगाँ की गाड़ियाँ फिरे, तो हमने सोमवार के ही छोरी का हाथ पीला कर दिया, मामा के गाँव। अबे चिंता नी रई।" त्याने साहेबांना हात जोडले. आवाजात फक्त आभार होते.

साहेबांना इथली मालवी बोली अर्धीमुर्धीच कळत होती. "बहुत अच्छा," ते म्हणाले, "देखिए, जागरूकता ऐसे आती है।" आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मुलंही. रामकन्याच्या शेजारी बसणारी पोरगी खाली मान घालून टाळ्या वाजवत होती. सुधाकरला मालवी अलकाइतकीच कळत होती. त्याचं अर्धं आयुष्य या मुलांत गेलं होतं. तो टाळ्या वाजवत होता.

सोमवारी. म्हणजे ती ओसरीवर गेली त्याच्या आधीच. ते पिवळे हात पोरीला हळद लावून आलेले होते.

"सर," अलका उठली. आवाज किती मोठा येईल याचा तिला अंदाज नव्हता. तो मोठाच आला. "सर, इन्होंने लड़की की शादी कर दी है। पन्द्रह की भी नहीं है वो। नौवीं में पढ़ती है, इसी स्कूल में।"

टाळ्या विरल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. त्यांना पुढे आणखी एका शाळेत जायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते प्राचार्यांकडे वळले. प्राचार्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "क्लास टीचर तो निरखे सर हैं। निरखे सर, बच्ची की उमर क्या है? ऐप में देखकर बताइए।"

सगळा हॉल सुधाकरकडे वळला. भेरूलालही. त्याला अजून काही कळलं नव्हतं, तो हार सावरत होता. सुधाकरने अलकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, बोलेल. हा माणूस वाईट नाही, आता बोलेल. त्याने टेबलावरचा टॅबलेट उचलला, छातीजवळ धरला, त्यावर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"सर, ऐप में अठारह पूरे दिखा रहा है," तो म्हणाला. "फेल हो-होकर नौवीं में है। मैडम को कुछ कन्फ्यूजन हुआ है।"

अलका त्याच्या बाजूलाच उभी होती. टॅबलेट बंद होता. काच काळी होती, त्यावर त्याच्या घामाचं बोट उमटलेलं होतं.

"ऐप में है तो फिर ठीक है," साहेब म्हणाले आणि उठले. प्राचार्य समोसे पुढे करायला धावले. रुचिर सुधाकरच्या पाठीवर थाप मारून काहीतरी पुटपुटला. गणितात पहिली येणारी पोर नापास होऊन होऊन अठराची झाली आणि कोणाला काही वाटलं नाही.

अलका बाहेर आली. जाळीमागून, चुन्याच्या भिंतीखालून काळं पाणी वाहत होतं, ते ओलांडून ती रस्त्यावर आली. तिथे धूळ होती, डंपर जात होते, सावली नव्हती. तिने फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, शांत, सवयीचा.

"शिकायत किस बारे में है?"

अलकाने सांगितलं. रामकन्याचं नाव, वय, बापाचं नाव, मामाचं गाव तिला माहीत होतं तेवढं. पलीकडे बटणांचा आवाज येत होता. मागून फाटक वाजलं. "अलका!" सुधाकर धावत येत होता, पिशवी हातात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "अगं थांब, ऐकून तरी घे माझं!"

"और किसी का नाम लिखवाना है, मैडम? जिसको पता था, या जिसने मदद की?"

"हाँ," अलका म्हणाली. "लिखो। सुधाकर निरखे। टीचर। लड़की की उमर अफ़सर के सामने झूठी बताई।"

सुधाकर तिच्या समोर येऊन थांबला. त्याच्या अंगाला एसीचा गारवा, अत्तर आणि समोसे यांचा वास होता. तिने पदर नाकाला लावला.

"एक और नाम है। अलका निरखे, लाइब्रेरियन। इसको भी पता था, सोमवार से पहले। इसने फोन नहीं किया।"

"दोनों का पता बताइए।"

सुधाकरने तिचं मनगट धरलं. फार घट्ट नाही. "माई घरी एकटी आहे गं," तो म्हणाला. "पोलीस घरी येतील. माई एकटी असेल."

अलकाने मनगट सोडवून घेतलं आणि नानाखेड्याच्या घराचा पूर्ण पत्ता सांगितला, गल्ली, घर नंबर, वरचा मजला की खालचा, एकही जागा रिकामी न सोडता.